कर्जमर्यादेचे हत्यार विरोधात असतानाच खाली ठेवा

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य श्री ठाणेदार यांना खुले पत्र

मा. ठाणेदार साहेब,



मी तुमचा मतदार नाही. पुण्यात राहतो आणि अर्थकारणावर लिहितो. तरी हे पत्र तुम्हालाच लिहावेसे वाटले, त्याला दोन कारणे आहेत. पहिले उघड आहे. तुम्ही बेळगावात वाढलात, ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मकथन मराठीत लिहिलेत आणि आज अमेरिकेच्या कायदेमंडळात बसता. तिथल्या दुसऱ्या कुणाला मराठीत पत्र लिहून उपयोग नाही. दुसरे कारण पैशाचे आहे. भारताच्या परकीय चलनसाठ्याचा मोठा हिस्सा अमेरिकी सरकारच्या रोख्यांत गुंतलेला आहे. २०२३ साली भारताकडचे हे रोखे दोनशे अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचे होते. म्हणजे आम्ही तुमच्या देशाचे नागरिक नसलो तरी त्याचे सावकार आहोत आणि ऋणकोच्या घरात परतफेडीवरून भांडण जुंपले की सावकाराने विचारपूस करावी, हे रीतीला धरूनच आहे.

विषय कर्जमर्यादेचा आहे. तो तुम्हाला नवा नाही. सभागृहात पाऊल ठेवलेत तोच तो तुमच्यासमोर उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये सभापती निवडायला पंधरा फेऱ्या लागल्या, ७ जानेवारीला मध्यरात्र उलटल्यावर केव्हिन मॅकार्थी निवडून आले आणि मग तुम्हा सर्वांचा शपथविधी झाला. दोन दिवसांनी सभागृहाने नवी नियमावली संमत केली आणि तिच्यातून ‘गेपहार्ट नियम’ काढून टाकला. आणखी दहा दिवसांनी, १९ जानेवारीला, सरकारचे कर्ज ३१.४ लाख कोटी डॉलरांच्या मर्यादेला टेकले. पुढचे साडेचार महिने तुमचा देश ‘पैसे देणार की नाही’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

मराठी वाचकांसाठी तो नियम काय होता ते सांगतो, कारण सगळ्या भांडणाची मेख तिथेच आहे. मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड गेपहार्ट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही सोय १९७९ साली आली. सभागृहाने अर्थसंकल्पाचा ठराव संमत केला, की त्यासाठी लागणारी कर्जमर्यादाही त्याच मतदानाने संमत झाली असे मानायचे, इतकाच तिचा अर्थ. खर्चाला हो म्हणालात, तर त्या खर्चासाठीच्या कर्जालाही हो म्हणालात. यापेक्षा सरळ हिशेब कोणता? पण ज्या पक्षाला राष्ट्राध्यक्षाची कोंडी करायची असते त्याला हा सरळपणा परवडत नाही. म्हणून १९९५, २०११ आणि २०२३ साली रिपब्लिकन बहुमत आले, तेव्हा समोर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष होता आणि हा नियम बाजूला पडला. या तिन्ही वर्षी पुढे काय घडले ते तुम्हाला ठाऊक आहे.

मुळात ही मर्यादा सरकारला जखडण्यासाठी आलीच नव्हती. पहिल्या महायुद्धापर्यंत प्रत्येक कर्जउभारणीची परवानगी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेचे कायदेमंडळ, वेगवेगळी देत असे, कित्येकदा रोख्यांच्या मुदतीसकट. युद्धाच्या धामधुमीत ते जमेना, म्हणून १९१७ च्या दुसऱ्या लिबर्टी बाँड कायद्याने अर्थखात्याला ठरावीक रकमेपर्यंत आपल्या मताने कर्ज उभारायची मोकळीक मिळाली. १९३९ साली निरनिराळ्या मर्यादा एकत्र करून ४५ अब्ज डॉलरांची एकच मर्यादा आखली गेली. दोन्ही वेळा हेतू हात मोकळे करण्याचा होता. आज तोच कायदा हात पिरगाळण्यासाठी वापरला जातो आणि वापरणारे त्याला काटकसर म्हणतात.

काटकसरीशी त्याचा संबंध नाही, हे आकडेच सांगतात. १९३९ साली ४५ अब्ज असलेली मर्यादा आज ४१.१ लाख कोटी आहे. अमेरिकी अर्थखात्याच्याच नोंदीनुसार १९६० पासून काँग्रेसने ती कायमची वाढवली, तात्पुरती वाढवली किंवा तिची व्याख्या बदलली, असे ७८ वेळा घडले. त्यांपैकी ४९ वेळा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होता आणि २९ वेळा डेमोक्रॅट. जी भिंत प्रत्येक वेळी सरकवली जाते ती भिंत नव्हेच. मात्र ती सरकवण्याआधी दर खेपेला जी खंडणी मागितली जाते, ती खरी असते.

खर्च किती करायचा हे काँग्रेस ठरवते. कर किती घ्यायचा हेही काँग्रेसच ठरवते. या दोहोंतल्या फरकाची रक्कम ठरवायला वेगळे मतदान लागत नाही. ती वजाबाकीने आपोआप निघते. मग चौथ्या पायरीवर तीच काँग्रेस राष्ट्राध्यक्षाला सांगते की ही वजाबाकी आम्हाला मान्य नाही. त्या क्षणी राष्ट्राध्यक्षाची अवस्था काय होते? संमत झालेला खर्च त्याला केलाच पाहिजे, तो मनाने थांबवण्याचा अधिकार त्याला नाही. नवा कर बसवण्याचा अधिकार नाही. कर्ज काढायचीही बंदी. एक कायदा पाळायचा तर दुसरा मोडावा लागतो. चौदाव्या घटनादुरुस्तीत १८६८ पासून लिहिलेले आहे की सरकारी कर्जाच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येणार नाही. तिचा आधार घ्यावा का, यावर बायडेन यांच्या काळात बरीच चर्चा झाली. एक लाख कोटी डॉलरांचे प्लॅटिनमचे नाणे पाडावे ही सूचना ओबामांच्या काळात इतकी गाजली, की जानेवारी २०१३ मध्ये अर्थखात्याला तसे करणार नाही असे जाहीर करावे लागले. इतक्या मोठ्या देशातल्या जाणत्या माणसांना अशा पळवाटा शोधत बसावे लागते, यातच त्या कायद्याचे अपयश दिसते.

मर्यादा गाठल्यावर लगेच पैसा संपत नाही. अर्थखाते ‘असाधारण उपाय’ योजते: केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीनिधीतली नवी गुंतवणूक थांबवते, त्यांच्या बचत योजनेतला सरकारी रोख्यांचा भाग तात्पुरता मोकळा करते आणि तेवढ्या जागेत नवे कर्ज उभारते. कायद्याने ती रक्कम नंतर व्याजासह भरून दिली जाते. कुणाचे पैसे बुडत नाहीत. पण प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्या माणसाच्या निवृत्तीच्या पुंजीला दर दोन-तीन वर्षांनी राजकारणाच्या खेळात उशी म्हणून वापरावे, हे योग्य आहे का? मला ते अतिशय खटकते.

आता तुमच्या मतदारांच्या डेट्रॉईटकडे येतो, कारण पैसे न देणे म्हणजे काय असते हे तुमच्या मतदारांइतके अमेरिकेत फार थोड्यांना ठाऊक असेल. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉईट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरांचे देणे. अमेरिकेच्या इतिहासात एवढ्या मोठ्या शहराची दिवाळखोरी त्याआधी झाली नव्हती. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेल्या त्या शहरात २०१० च्या जनगणनेला सात लाखांच्या थोडे वर माणसे उरली होती. करदाते निघून गेले, कारखाने बंद पडले, देणी मात्र जागच्या जागी राहिली. रस्त्यावरचे सुमारे चाळीस टक्के दिवे बंद होते. शहराच्या कलासंग्रहालयातली चित्रे विकून देणी भागवावीत इथपर्यंत बोलणी गेली. शेवटी दानसंस्था, मिशिगन राज्य आणि स्वतः संग्रहालय यांनी मिळून वीस वर्षांत ८१ कोटी ६० लाख डॉलर उभे करायचे ठरवले, तेव्हा चित्रे वाचली आणि निवृत्तिवेतनावरची कुऱ्हाड थोडी हलकी झाली. हलकीच झाली, टळली नाही. शहराच्या सामान्य खात्यांतून निवृत्त झालेल्यांचे वेतन साडेचार टक्क्यांनी कापले गेले आणि महागाईनुसार होणारी त्यातली वाढ बंद झाली. आरोग्यविम्याला लागलेली कात्री त्याहून मोठी होती. कचरा उचलणाऱ्या, बस चालवणाऱ्या, नळदुरुस्ती करणाऱ्या माणसांनी आयुष्यभर ज्या शब्दावर विसंबून काम केले, तो शब्द न्यायालयात बसून कापला गेला. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये योजनेला मान्यता दिली आणि डिसेंबरात शहर दिवाळखोरीतून बाहेर आले.

डेट्रॉईटने पैसे दिले नाहीत, कारण डेट्रॉईटकडे पैसे नव्हते. त्या शहराला नोटा छापता येत नव्हत्या आणि त्याचे रोखे घ्यायला कुणी तयार नव्हते. वॉशिंग्टनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कर्ज स्वतःच्या चलनात, रोखे घ्यायला सारे जग रांगेत, कर बसवायची पूर्ण मुभा. ऐपत आहे, फक्त द्यायची परवानगी अडवून धरलेली आहे. नाइलाजाने बुडालेल्या गावाचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांच्या प्रतिनिधीने हौसेने बुडण्याच्या धमकीवर चालणारे राजकारण सहन करू नये, असे मला मनापासून वाटते. तुम्ही स्वतः उद्योजक होतात. कर्ज काढून उद्योग वाढवलात, २०१० च्या सुमारास बँकेने तो ताब्यात घेतला आणि तुम्ही ॲन आर्बरमध्ये पुन्हा शून्यातून उभे राहिलात. सावकारासमोर बसणे काय असते, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

‘शेवटच्या क्षणी तडजोड होतेच, आजवर कुठे काय बिघडले?’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. बिघडले आहे, अनेकदा. तुम्ही ज्या वर्षी अमेरिकेत आलात, त्या १९७९ सालचेच पाहा. मर्यादा वाढवायचा निर्णय अगदी काठावर झाला. त्यातच छोट्या गुंतवणूकदारांची गर्दी आणि कार्यालयातल्या यंत्रणेतला बिघाड यांची भर पडली आणि एप्रिल-मे महिन्यांत सुमारे १२ कोटी २० लाख डॉलरांच्या ट्रेझरी बिलांचे पैसे ठरल्या दिवशी मिळाले नाहीत. रक्कम किरकोळ होती आणि उशीर थोड्या दिवसांचा होता. तरी झिव्हनी आणि मार्कस या दोन अभ्यासकांनी दहा वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा त्यानंतर ट्रेझरी बिलांचा व्याजदर सुमारे ०.६ टक्क्याने चढल्याचे त्यांना आढळले.

२०११ तर सर्वांच्या स्मरणात आहे. २ ऑगस्ट ही अर्थखात्याने सांगितलेली शेवटची तारीख. त्याच दिवशी ओबामांनी तडजोडीच्या कायद्यावर सही केली. तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा एका पायरीने खाली आणले. सोमवारी, ८ ऑगस्टला, डाऊ जोन्स निर्देशांक ६३४ अंकांनी कोसळला. सोने त्याच महिन्यात औंसाला १,९०० डॉलरांच्या पुढे गेले आणि त्याची झळ मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंत पोचली. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर सांगितले, की त्या एका वर्षात सरकारला कर्जउभारणीसाठी सुमारे १.३ अब्ज डॉलर जास्त मोजावे लागले. काटकसरीच्या नावाने झालेल्या भांडणाचा हा खर्च.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मानांकन घसरल्यावर अमेरिकी रोखे पडले नाहीत. उलट घाबरलेले गुंतवणूकदार त्याच रोख्यांकडे धावले आणि त्यांच्यावरचा व्याजदर उतरला. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये अनेकांची समजूत झाली, की आपण काहीही केले तरी जग आपल्याकडेच येणार. आमच्यासारख्या देशांची अडचण अशी की त्या घडीला ही समजूत खरी होती. आमचा चलनसाठा सुरक्षित ठेवायला दुसरी तेवढी मोठी बाजारपेठ आमच्याजवळ नव्हती. पण आसरा नाही म्हणून थांबलेला सावकार आणि विश्वासाने थांबलेला सावकार यांत फरक असतो. पहिला सतत दुसरी वाट शोधत असतो.

२०२३ मध्ये तुम्ही आत होतात, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. २६ एप्रिलला रिपब्लिकन पक्षाने खर्चकपातीचे विधेयक २१७ विरुद्ध २१५ मतांनी संमत करून अट घातली. बायडेन यांनी आधी ‘वाटाघाटी नाहीत’ असे बजावले, मग वाटाघाटी केल्या. तुमच्या डेमोक्रॅटिक पक्षाने सभापतींना वळसा घालून विधेयक मतदानाला आणण्यासाठी सह्या गोळा केल्या. २१८ हव्या होत्या, मोजक्या कमी पडल्या. मेअखेरीस समझोता झाला, प्रतिनिधीगृहाने तो ३१४ विरुद्ध ११७ आणि सिनेटने ६३ विरुद्ध ३६ मतांनी स्वीकारला. १ जूनच्या संध्याकाळी जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारच्या खात्यात सुमारे २३ अब्ज डॉलर उरले होते. सही ३ जूनला झाली. त्याआधीच्या आठवड्यात जूनच्या सुरुवातीला मुदत संपणाऱ्या ट्रेझरी बिलांवर बाजार सात टक्क्यांहून अधिक व्याज मागत होता. ऑगस्टच्या १ तारखेला फिच संस्थेनेही मानांकन उतरवले आणि कारणांमध्ये कर्जमर्यादेवरून वारंवार होणाऱ्या या झटापटींचा स्पष्ट उल्लेख केला.

त्या समझोत्यात गहाण काय पडले होते? इथे मला थांबावेसे वाटते. अन्नसाहाय्य योजनेत, ज्यांच्यावर मुलांची जबाबदारी नाही अशा धडधाकट प्रौढांना कामाची अट असते. ती आधी वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंत होती, ती ५४ पर्यंत वाढवली गेली. माजी सैनिक आणि बेघर यांना त्याच कायद्याने सूट मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. पण जो बावन्न वर्षांचा माणूस कारखान्यातून बाहेर फेकला गेला आहे, ज्याच्या गुडघ्यांना आता उभ्याचे काम होत नाही आणि ज्याला अपंगत्वाचा कागद मिळालेला नाही, तो त्या वाटाघाटींच्या खोलीत नव्हता. त्याच्या ताटावरची अट कठोर करावी की नाही, यावर देशात मतभेद असू शकतात. तो वाद मोकळेपणाने, गुणदोष मांडून, त्याच विषयावरच्या मतदानाने सुटला पाहिजे. सरकार दोन-चार दिवसांत पैसे थकवणार आहे अशा घबराटीत तो निकालात निघाला आणि ही पद्धत मला अन्यायाची वाटते. अशी माणसे डेट्रॉईटमध्ये किती असतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

हे सगळे पाप एकाच पक्षाच्या पदरात टाकून मी मोकळा होणार नाही. मार्च २००६ मध्ये बुश यांच्या कारकिर्दीत मर्यादा वाढवण्याचे विधेयक सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ असे जेमतेम निघाले. विरोधात मत देणाऱ्यांत बराक ओबामा होते आणि जो बायडेन होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ओबामांनी ते मत चुकीचे होते असे मान्य केले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ही मर्यादा तीनदा निलंबित झाली. मे २०२३ मध्ये, विरोधात असताना, त्यांनी आपल्या पक्षाला सांगितले की मोठी कपात मिळत नसेल तर देणी थकली तरी चालतील. डिसेंबर २०२४ मध्ये, सत्तेवर येण्याच्या उंबरठ्यावर, त्यांनीच ही मर्यादा पूर्ण रद्द करा अशी मागणी केली. जो सत्तेत असतो त्याला मर्यादा नको असते आणि जो बाहेर असतो त्याला ती हवी असते. हे चक्र थांबवायचे तर बाहेर असलेल्या कुणीतरी सुरुवात केली पाहिजे. हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या मोठ्या कर-खर्च कायद्यात मर्यादा एकाच फटक्यात पाच लाख कोटी डॉलरांनी वाढवली गेली. प्रतिनिधीगृहात मतदान २१८ विरुद्ध २१४ झाले. तुमच्या पक्षातून एकही मत बाजूने पडले नाही. त्या कायद्याला विरोध करण्याची तुमची कारणे मला समजतात. त्याच कायद्याने अन्नसाहाय्यावरची कामाची अट ६४ वर्षांपर्यंत नेली. पण त्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या पक्षात एक सूर उमटला होता, की आता हे हत्यार आपल्या हाती येईल, ट्रम्प यांना त्याने नमवता येईल. त्या सुराची मला भीती वाटते. जी गोष्ट २०११ आणि २०२३ मध्ये तुम्ही लोकांनी ओलीस धरणे म्हटली, ती २०२७ मध्ये तुमच्या हातून झाल्याने न्याय्य ठरणार नाही. तुमच्या पक्षातल्या एलिझाबेथ वॉरेन यांनी जून २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याशी या एका मुद्द्यावर सहमत असल्याचे जाहीर सांगितले. मला तो त्यांच्या राजकीय जीवनातला मोठेपणाचा क्षण वाटला.

कर्जाची काळजी खोटी आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तुमचे सरकारी कर्ज ३८ लाख कोटी डॉलरांच्या पुढे गेले. २०२४ च्या आर्थिक वर्षात केवळ व्याजापोटी सुमारे ८८० अब्ज डॉलर गेले, संरक्षणावरच्या खर्चाहून जास्त. मूडीज संस्थेने मे २०२५ मध्ये मानांकन उतरवले ते मुख्यतः या वाढत्या कर्जाकडे आणि व्याजाकडे बोट दाखवूनच. तिन्ही मोठ्या संस्थांच्या यादीत अमेरिका आता सर्वोच्च श्रेणीत नाही. हे गंभीर आहे आणि सावकार म्हणून आम्हाला त्याची चिंता आहे. पण त्यावरचा उपाय कर बसवताना आणि खर्च मंजूर करताना करायचा असतो. जे सदस्य करकपातीला हात वर करतात, खर्चालाही हात वर करतात आणि मग कर्जाला नकार देतात, त्यांना कर्जाची काळजी आहे असे मी मानत नाही.

आमच्याकडेही या बाबतीत सारे आलबेल नाही. राज्यघटनेच्या २९२ व्या कलमाने केंद्राच्या कर्जाला कायद्याने मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे. संसदेने २००३ मध्ये वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, २०१८ मध्ये त्यात केंद्राचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट घातले आणि ते गाठले गेलेले नाही. पण उद्दिष्ट हुकले म्हणून पेन्शन थांबत नाही. आणि इथे सरकारला खर्चाची मंजुरी लोकसभेत मिळाली नाही, तर सरकार पडते आणि प्रश्न मतदारांपुढे जातो. तुमच्याकडे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस वेगळी. दोघांपैकी कुणीच पडत नाही, त्यामुळे कोंडी फुटायला निवडणुकीचा मार्ग उरत नाही आणि तारीख जवळ येत राहते. म्हणूनच जी मर्यादा दुसऱ्या देशात निरुपद्रवी ठरेल ती तुमच्याकडे धोकादायक आहे. डेन्मार्कमध्येही आकड्यात घातलेली मर्यादा आहे, पण ती प्रत्यक्ष कर्जाच्या इतकी वर ठेवली आहे की तिच्यावरून भांडण होत नाही. आमच्या संघराज्यातला कर्जाचा खरा तंटा केंद्र आणि राज्यांतला आहे. राज्यांना कर्जासाठी केंद्राची संमती लागते ते २९३ वे कलम घेऊन केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये तो दावा घटनापीठाकडे सोपवला गेला. तिथेही प्रश्न तोच आहे: दुसऱ्याच्या देण्यांची परवानगी हातात असली, की ती राजकारणासाठी वापरण्याचा मोह होतो.

ठाणेदार साहेब, सध्या शांतता आहे. ४१.१ लाख कोटींची मर्यादा आणि प्रत्यक्ष कर्ज यांत अजून अंतर आहे, पण कर्ज ज्या गतीने वाढते आहे ती पाहता हे अंतर फार दिवस पुरणार नाही. कोंडी सुरू झाल्यावर कुणीच हत्यार खाली ठेवत नाही. म्हणून माझी विनंती आजची आहे. संयुक्त संस्थानांच्या कायदेसंहितेतल्या ३१ व्या भागाचे ३१०१ वे कलम, ज्यात ही मर्यादा आहे, ते रद्द करणारे विधेयक तुमच्या नावाने मांडा, किंवा दुसऱ्या कुणी मांडले तर त्यावर सही करा. पेनसिल्व्हेनियाचे ब्रेंडन बॉयल यांनी मर्यादा वाढवण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांकडे देऊन काँग्रेसला फक्त नामंजुरीचा हक्क ठेवणारे विधेयक आणले होते. रद्द करणे जमत नसेल तर निदान तेवढे तरी व्हावे, आणि गेपहार्ट नियम परत यावा. मात्र माझे मत विचाराल तर पूर्ण रद्द करण्याचेच आहे. रिपब्लिकन सहकाऱ्यांना सोबत घ्या. त्यांच्याच राष्ट्राध्यक्षाची ही मागणी होती, याची त्यांना आठवण द्या.

याने तुमच्या पक्षाचे नुकसान होईल, असे तुम्हाला तुमचेच लोक सांगतील. ट्रम्प यांच्याविरुद्धचे एक साधन तुम्ही टाकून देताय, असेही म्हणतील. ते म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन येईल. सत्तेत बसलेल्याने मर्यादा नको म्हणण्यात नवल नाही. डेट्रॉईटच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसमोर उभे राहून त्यांना सांगा, की दिलेला शब्द पाळायचा की नाही यावर यापुढे कुठल्याच पक्षाला सौदा करता येऊ नये, आमच्याही नाही. ते समजून घेतील अशी माझी खात्री आहे. तुमची मुदत संपण्याआधी हे विधेयक सभागृहाच्या पटलावर यावे, एवढेच मागणे आहे.



आपला,
पुण्याहून एक लेखक